सजग आहार

सजग आहार म्हणजे जेवताना अन्नाची चव, गंध, भूक आणि तृप्ती यांकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याची पद्धत होय. तिचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या ताणनिवारण कार्यक्रमात एकच बेदाणा निरखून, हुंगून, सावकाश चावून खाण्याचा सराव दिला जातो. तृप्तीची जाणीव होण्यास सुमारे २० मिनिटे लागत असल्याने घाईने जेवताना गरजेपेक्षा अधिक खाल्ले जाते. ध्यानामुळे खरी भूक आणि ताणातून होणारी खाण्याची इच्छा यांतील भेद ओळखता येतो. त्यामुळे अनावर खाणे कमी होते, असे अभ्यासांत आढळले आहे. वजनातील घट मात्र सर्वांमध्ये सारखी नसते. म्हणून ही पद्धत संतुलित आहार व व्यायाम यांना पूरक ठरते, पर्याय नव्हे.