पत्त्यांत वाद का होतो? मेंढीकोटपासून 'मॅजिक'पर्यंत किचकट नियम समजून घ्या

मेंढीकोटचे नियम पाच मिनिटांत शिकवून होतात. तरीही डाव निम्म्यावर आला की कुणीतरी पानं खाली ठेवतो आणि म्हणतो, "असं नसते, राजेहो!"

नियम सगळ्यांना माहीत असतात, मग वाद कशावरून? एकाच पानावर दोन नियम लागू होतात आणि आधी कोणता धरायचा, हे ठरलेलं नसतं. 'मॅजिक: द गॅदरिंग' किंवा 'यू-गी-ओ'सारख्या ट्रेडिंग कार्ड गेममध्येही भांडण याच जागी होतं. तिथले नियम कितीतरी जास्त, पण गुंता सोडवायची रीत तीच.

आधी मूळ खेळ

मेंढीकोटमध्ये चार खेळाडू असतात. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. 52 पानं, प्रत्येकाला 13. एक्का सगळ्यात मोठा, दुर्री सगळ्यात लहान. इस्पिकची उतारी झाली आणि हातात इस्पिक असेल, तर इस्पिकच टाकावं लागतं. नसेल तर हुकूम मारता येतो.

चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीकडे तीन किंवा चार मेंढ्या, तिचा डाव. चारही मिळाल्या तर कोट.

गुंता 1: दश्शी किमती, पण दुबळी

नवा खेळाडू हमखास इथे चुकतो. मेंढीवर डाव ठरतो, म्हणून ती मोठं पान आहे असं त्याला वाटतं. पण दश्शी गुलामाच्याही खाली येते. हुकूम बदाम असेल, तर चौकटची दश्शी बदामच्या दुर्रीनेही जाते. पानाची किंमत वेगळी, ताकद वेगळी.

हातांच्या मोजणीतही हेच होतं. एका जोडीने 10 हात केले, पण मेंढी एकच मिळाली. दुसऱ्या जोडीने फक्त 3 हात केले आणि त्यांत तीन मेंढ्या आल्या. डाव दुसऱ्या जोडीचा. हात मोजायची वेळ येते ती मेंढ्या दोन-दोन झाल्यावरच. मग ज्यांचे 7 किंवा जास्त हात, ते जिंकले. एकूण हात 13, म्हणजे विषम. त्यामुळे बरोबरी होऊच शकत नाही.

गुंता 2: कट हुकूम, तो हात कुणाचा?

कट हुकूममध्ये सुरुवातीला हुकूमच नसतो. उतारीचं पान नसलेला पहिला खेळाडू जे पान टाकतो, त्याचा हुकूम होतो.

समजा, पहिल्याने इस्पिकचा एक्का उतरला. दुसऱ्याकडे इस्पिक नाही, त्याने किलवरची पंजी टाकली. आता किलवर हुकूम झाला. पण याच हातापासून की पुढच्या? रूढ नियम असा, की याच हातापासून. म्हणजे पंजी एक्क्यावर चढली.

तिसऱ्याकडे किलवरचा राजा आहे, पण इस्पिकची तिर्रीही आहे. त्याला तिर्रीच टाकावी लागेल. हुकूम झाला म्हणून उतारी पाळायचा नियम सुटत नाही. चौथ्याकडे इस्पिक नसेल आणि त्याने किलवरची सत्ती टाकली, तर हात त्याचा. आधी झालेले हात मात्र तसेच राहतात. त्यांत किलवर पडलं असलं तरी ते पुन्हा मोजायचे नाहीत.

गुंता 3: बंद हुकूम, पान कधीपासून हुकूम?

इथे एक खेळाडू आपलं एक पान पालथं ठेवतो. त्या पानाचा हुकूम, पण तो उघडेपर्यंत कुणाला कळत नाही. उतारीचं पान नसलेला खेळाडू "हुकूम उघडा" म्हणू शकतो.

समजा, पालथं पान बदामचं आहे. चौकटच्या उतारीवर एकाने हुकूम न उघडवता बदामचा एक्का टाकला. तो हात त्याला मिळत नाही, कारण त्या क्षणी बदामला हुकमाची ताकद आलेली नसते.

'मॅजिक'मध्ये काय होतं?

'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी तयार केला आणि तो 1993 मध्ये बाजारात आला. यात बऱ्याच पानांवर स्वतःचा वेगळा नियम छापलेला असतो. मग खेळाचा नियम आणि पानावरचा नियम भिडला तर? पान जिंकतं. एक पान म्हणतं 'करता येईल' आणि दुसरं म्हणतं 'करता येणार नाही', तर 'नाही'चा विजय.

क्रमासाठी तिथे थप्पीचा नियम आहे. टोपलीतल्या भाकरीसारखा: शेवटी ठेवलेली आधी उचलायची.

एका प्राण्याची ताकद 2 आणि जीव 2 आहे. तुम्ही त्याच्यावर 'लाइटनिंग बोल्ट' टाकला. त्याचा मार 3. समोरच्याने उत्तरात 'जायंट ग्रोथ' टाकला. त्याने ताकद आणि जीव दोन्ही त्या पाळीपुरते 3 ने वाढतात. नंतर आलेला ग्रोथ आधी लागू होतो, जीव 5 होतो आणि प्राणी वाचतो.

आता क्रम उलटा करा. समोरच्याने आधी ग्रोथ टाकला आणि तुम्ही उत्तरात बोल्ट. बोल्ट आधी लागतो, जीव अजून 2 च असतो, प्राणी मरतो. पानं तीच, निकाल उलटा. 'यू-गी-ओ'मध्येही पानांची साखळी अशीच शेवटाकडून सोडवतात.

वाद झाला तर तीन प्रश्न

1. हा नियम कधीपासून लागू झाला?
2. दोन नियम भिडले तर वरचा कोणता?
3. हे पान हात जिंकण्यासाठी मोजतोय की डाव जिंकण्यासाठी?

ट्रेडिंग कार्ड गेममध्ये या प्रश्नांची उत्तरं छापील नियमावलीत मिळतात. मेंढीकोटला अशी एकच नियमावली नाही. वाशीम जिल्ह्यातलं किन्हीराजा असो की मुंबईची लोकल, बैठक बदलली की एखादा नियम बदलू शकतो. म्हणून पानं वाटायच्या आधी एवढं ठरवून घ्या:

- हुकूम कट की बंद?
- हुकूम उघडायला लावला, तर हुकमाचं पान टाकणं सक्तीचं का?
- पालथं ठेवलेलं पान हातात आहे असं धरायचं का?
- उतारीचं पान असून चुकून दुसरं टाकलं, तर दंड काय?

पानं हातात आली की प्रत्येकाला आपल्या सोयीचा नियम आठवतो. त्याआधी कुणाची बाजू कमजोर आहे हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे चौघांचं एकमत पटकन होतं.