सरडा नव्हे, घोयरा!

आजची गोष्ट चुकलेल्या ओळखीची.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो नेरूळ-सानपाड्याच्या कुठल्याही सोसायटीच्या भिंतीवर मान हलवणारा सरडा. विणीच्या दिवसांत नराचा गळा लालभडक होतो, म्हणून रंग बदलण्याचा शिक्काही त्याच्याच माथी. १८०२ मध्ये दोदँ या फ्रेंच अभ्यासकाने तर त्याचं शास्त्रीय नावच 'व्हर्सिकलर', म्हणजे रंगीबेरंगी, असं ठेवलं.

पण खरा शॅमेलिऑन वेगळाच. आपल्याकडे त्याला घोयरा म्हणतात. जगात या कुळाच्या दोनशेच्या वर जाती आहेत, बहुतेक आफ्रिका आणि मादागास्करमध्ये. भारतात ही एकच. बोटं चिमट्यासारखी, शेपटीची गुंडाळी, दोन डोळे दोन दिशांना. चाल अशी, की वाटावं वाऱ्यानं पान हललं. धाव वगैरे सोडाच!

त्याचं शास्त्रीय बारसं झालं १७६८ मध्ये, व्हिएन्नात. लॉरेंटीने त्याला 'झेलॅनिकस', म्हणजे सिलोनचा, केलं. ज्या प्रबंधात हे नाव आलं, त्यातच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विषावरचे प्रयोगही आहेत. हा योगायोग मला बोचतो. कारण अडीचशे वर्षांनंतरही बिनविषारी घोयरा आपल्याकडे विषारी समजून ठेचला जातो. माझी आजी तर त्याचं नाव काढलं तरी दटावायची.

एरवी तो झाडावर, पानांत. दिसतच नाही. केनियाच्या थंड डोंगरी जंगलांतला तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन थेट पिल्लांना जन्म देतो. घोयऱ्याच्या मादीला मात्र अंडी मातीत पुरावी लागतात. त्यासाठी ती झाड सोडून खाली उतरते, आणि नेमकी तिथेच माणसाच्या नाहीतर गाडीच्या तावडीत सापडते.

१९७० मध्ये सिडको आली, गावांच्या जमिनींवर आपलं शहर उभं राहिलं. दोनच वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याखाली घोयऱ्याला पकडणं, पाळणं, मारणं आज गुन्हा आहे.

तेव्हा सह्याद्रीत बाइक काढाल आणि रस्त्यात एखादं हिरवं पान डुलत डुलत चालताना दिसलं, तर थांबा. मागच्या गाडीलाही हात करा. वेळ लागेल. हॉर्न मात्र वाजवू नका, घोयऱ्याला बाहेरचे कानच नसतात.