धबधब्याचे तैलचित्रण

धबधबा हा विषय यूरोपीय निसर्गचित्रणात सतराव्या शतकात स्वतंत्रपणे रूढ झाला. कोसळणारे पाणी डोळ्यांना क्षणभरही स्थिर दिसत नाही, उलट तैलरंग हे घट्ट व सावकाश वाळणारे माध्यम होय. या विरोधातूनच कुंचल्याच्या फटकाऱ्यांना महत्त्व आले. जलरंगात फेसाची शुभ्रता कागद कोरा सोडूनही साधता येते. तैलरंगात ती बहुधा सफेद्याचे जाड थर चढवून निर्माण करावी लागते. खडकांच्या छाया पातळ व पारदर्शक ठेवून त्यांवर फेसाचे दाट लेप दिले असता कॅनव्हासच्या पृष्ठभागालाच उठाव येतो.

डच चित्रकार आलार्ट व्हान एव्हरडिंगेन (१६२१–७५) याने १६४४ मध्ये स्कँडिनेव्हियाचा प्रवास केला आणि तेथील देवदारसदृश वृक्षांनी वेढलेले प्रपात हॉलंडच्या सपाट प्रदेशातील रसिकांपुढे मांडले. त्याच्या चित्रांवरून स्फूर्ती घेऊन याकोप व्हान राइसडाल (सु. १६२८–८२) याने शंभरावर धबधबे रंगविले. तो स्वतः त्या प्रदेशात कधीच गेला नव्हता, ही गोष्ट त्या चित्रांकडे पाहताना सहसा ध्यानात येत नाही.

इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर (१७७५–१८५१) याने १८०२ मध्ये स्वित्झर्लंडचा प्रवास केला व ऱ्हाइन नदीचा शाफहाउझेन येथील प्रपात पाहिला. त्यावरील त्याचे भव्य तैलचित्र १८०६ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. ते बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. त्यातील फेस पॅलेट नाइफने थापल्याप्रमाणे जाड दिसतो. जवळून तो केवळ रंगाचा गिलावा वाटतो, दूर सरकताच पाण्याचे वजन जाणवू लागते. गुळगुळीत रंगलेपन हेच कौशल्याचे लक्षण मानणाऱ्या समकालीनांना हा ओबडधोबडपणा रुचला नाही.

अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक एडविन चर्च (१८२६–१९००) याने नेमका उलट मार्ग स्वीकारला. त्याच्या ‘नायगारा’ (१८५७) या सुमारे २.३ मी. रुंदीच्या चित्रात पुढील जमीनच वगळलेली असून प्रेक्षक थेट पाण्याच्या कडेवर उभा राहतो. कुंचल्याची खूण त्याने जवळजवळ पुसून टाकली. न्यूयॉर्कमध्ये प्रवेशमूल्य देऊन लोकांनी हे चित्र पाहिले. २०१४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे आले. तपशिलाची अचूकता त्यात अजोड आहे. तथापि त्यातील पाणी काहीसे थिजल्यासारखे वाटते, हेही मान्य करावे लागते.

जॉन हेन्री ट्वाक्टमन (१८५३–१९०२) या दृक्प्रत्ययवादी अमेरिकन चित्रकाराने नायगारा व यलोस्टोन येथील प्रपात रंगविले. परंतु त्याची खरी प्रतिभा कनेक्टिकट राज्यातील ग्रिनिच येथे, आपल्या घराजवळील हॉर्सनेक ओढ्याच्या लहानशा धबधब्यांत दिसते. त्याने क्षितिज बहुधा वर सरकवले किंवा गाळलेच, आणि निळसर, करड्या व पांढऱ्या छटांचे कोरडे फटकारे एकमेकांवर दिले. खालचा थर पूर्ण न झाकल्यामुळे तो वरच्या थरातून डोकावतो. पाण्याचा ओघ आणि हाताचा ओघ यांची दिशा येथे एकच होते. परिणामी खडक कोठे संपला व पाणी कोठे सुरू झाले, हे निश्चित सांगता येत नाही.