लोणार विवर आणि अतिवेगवान वायुप्रवाहाचे संख्यात्मक गणित : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त साबण व काच यांसाठी लागणाऱ्या द्रव्यांच्या संदर्भात आढळतो. इ. स. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने तेथील सरोवराची नोंद केली. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीजन्य की आघातजन्य, हा वाद दीर्घकाळ चालला. घन पदार्थाभोवती प्रचंड वेगाने वाहणाऱ्या वायूच्या गणिताचा इतिहास वरकरणी या वादाहून सर्वस्वी वेगळा भासतो. या दोहोंचा संबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

समस्येचे स्वरूप :
अवकाशातून येणारा पिंड सेकंदाला किमान सुमारे ११ किलोमीटर, म्हणजे ध्वनीच्या तीसपटींहून अधिक वेगाने वातावरणात शिरतो. पुढील हवेला बाजूला सरण्यास अवधी मिळत नाही. ती दाबली जाऊन आघाततरंग निर्माण होतो व तापमान हजारो अंशांवर जाते. पिंड बोथट असल्यास त्याच्या अग्रभागासमोर हवा ध्वनीपेक्षा मंद, तर बाजूंना ध्वनीपेक्षा वेगवान वाहते. स्थिर प्रवाहाची समीकरणे या दोन भागांत भिन्न प्रकारची ठरतात. त्यामुळे एकच पद्धत दोन्हीकडे चालत नाही.

पद्धतींचा विकास :
१९५० मध्ये फॉन नॉयमन व रिक्टमायर यांनी 'कृत्रिम श्यानते'च्या साहाय्याने आघाततरंगाची तीव्र सीमा जाळीच्या काही घरांत पसरवली. १९५९ मध्ये गोदुनोव यांनी प्रत्येक दोन घरांच्या सीमेवर एक लहान आघातप्रश्न सोडविण्याचा मार्ग दाखविला. १९६६ मध्ये मोरेत्ती व ॲबेट यांनी बोथट पिंडाच्या प्रश्नात काळाचा समावेश केला. त्यामुळे समीकरणे सर्वत्र एकाच प्रकारची झाली आणि प्रवाह स्थिर होईपर्यंत गणना पुढे नेता आली. १९६९ मध्ये रॉबर्ट मॅककॉर्मॅक यांनी आधी अंदाज व नंतर सुधारणा अशी द्विचरण पद्धत मांडली. पुढे ती वायुगतिकीत वर्षानुवर्षे वापरली गेली. परंतु मूळ निबंधाचा विषय विमान नसून अतिवेगवान आघाताने होणारी विवरनिर्मिती हा होता. अशा आघातात दाब खडकाच्या बळापेक्षा कितीतरी अधिक असल्याने घन पदार्थही द्रवासारखा वाहतो. म्हणून वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांचे अक्षय्यतेचे नियम दोन्हीकडे सारख्याच रूपात लागू पडतात.

गणित आणि पुरावा :
लोणारचा निर्णय मात्र गणिताने झाला नाही. १९७३ मध्ये फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी तेथील बेसाल्टमधील मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताच्या दाबाने काचरूप झालेले फेल्डस्पार, यांसारख्या खुणांवरून आघातजन्य उत्पत्ती सिद्ध केली. गणित यामागची प्रक्रिया स्पष्ट करते. पण लहान व अधिक वेगवान आणि मोठा व कमी वेगवान असे भिन्न पिंड जवळपास सारखेच विवर निर्माण करू शकतात. विवराच्या वयाबाबतही गणित मौन आहे. १९९७ मधील तापदीप्ती-मापनाने ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ मधील आर्गॉन-मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिले.

निष्कर्ष :
विवराच्या प्रश्नातून आलेली पद्धत वायुगतिकीस उपयोगी पडली, हे विद्याशाखांच्या भिंती ओलांडणाऱ्या ज्ञानाचे उत्तम उदाहरण होय. त्याचबरोबर, संगणकाने दिलेल्या अनेक शक्यतांपैकी प्रत्यक्षात कोणती घडली, हे ठरविण्याचा अधिकार अखेर खडकाकडेच राहतो. यासाठी लोणारच्या काठावरील खडकांचे जतन, हेही संशोधनसाधनांचेच जतन मानले पाहिजे.