टेडी वेदरफोर्ड : शिकागो ते कलकत्ता

जॅझच्या इतिहासग्रंथांत टेडी वेदरफोर्ड (१९०३-१९४५) या कृष्णवर्णीय अमेरिकी पियानोवादकाच्या वाट्याला बहुधा ओझरता उल्लेखच येतो. अर्ल हाइन्सपूर्वी शिकागो गाजवणारा वादक एवढीच त्याची ओळख दिली जाते. या उपेक्षेचे कारण त्याच्या वादनात नसून त्याने निवडलेल्या भूगोलात आहे.

शिकागोच्या व्हेंडोम चित्रपटगृहात मूकपटांना साथ करणाऱ्या अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो होता. मे १९२६ मध्ये लुई आर्मस्ट्राँगसमवेत त्याने ध्वनिमुद्रिकेच्या दोन बाजू वाजविल्या. अमेरिकी अभ्यासक प्रामुख्याने त्यावरच त्याला जोखतात. त्याच वर्षी तो जॅक कार्टरच्या वाद्यवृंदाबरोबर आशियात गेला. त्या काळी शिकागोत गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या संघटनाही वेगवेगळ्या होत्या. शांघायच्या नृत्यगृहांत मात्र हाच वादक मुख्य आकर्षण ठरला. प्रचंड पंजे, डाव्या हाताच्या लांब उड्या आणि श्रोत्यांना दिपवण्याची हौस यांच्या बळावर तो एकाच रात्री अनेक क्लबांत वाजवीत असे. ही दिखाऊगिरी होती हे मान्य करावे लागेल. पण नृत्यगृहाच्या मालकाला हवी होती तीच. १९३४ मध्ये अमेरिकेतून बक क्लेटनचा वाद्यवृंद शांघायला आणण्याइतके वजन त्याने कमावले होते.

पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथच्या वाद्यवृंदात तो आला आणि कालांतराने नेतृत्व त्याच्याकडे गेले. (ताज आणि वेदरफोर्ड, दोघांचेही जन्मवर्ष १९०३!) अशा वाद्यवृंदांत परदेशी वादकांच्या जागी हळूहळू गोमंतकीय वादक आले. पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत त्यांनी पाश्चात्त्य स्वरलेखन आत्मसात केले होते. जॅझमधील उत्स्फूर्त विस्तार मात्र कागदावर लिहिलेला नसतो. तो ऐकून, शेजारी बसून उचलावा लागतो. हिंदी चित्रपटसंगीतातील गोमंतकीय वादकांचा पूर्वेतिहास पाहताना या शेजाराची दखल घ्यावयास हवी.

दुसऱ्या महायुद्धात तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होता. ब्रह्मदेशातून आलेला क्लॅरिनेटवादक रूबेन सॉलोमन त्याच्या वाद्यवृंदात होता. कोलंबियासाठी त्यांनी तेथे अनेक ध्वनिमुद्रिका केल्या. अमेरिकी सैनिकांनी भरलेल्या त्या शहरात २५ एप्रिल १९४५ रोजी पटकीने वेदरफोर्डचा मृत्यू झाला. तेव्हा त्याचे वय ४१ होते.