नवी पिढी आणि वाङ्मयप्रकार : मराठी ख्रिस्ती परंपरेतील दोन टप्पे

धर्मांतर करणाऱ्या पहिल्या पिढीला आपण काय सोडले हे ठाऊक असते. तिच्या मुलांना मात्र धर्म वारशाने मिळतो. तो त्यांना आपला कसा वाटावा, हा प्रत्येक धर्मसंस्थेपुढचा प्रश्न होय. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात तो वाङ्मयप्रकाराचा प्रश्न म्हणून उभा राहिलेला दिसतो.

१५७९ मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी त्याला दोन उत्तरे दिली. त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये राशोल येथे छापलेली ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही कोकणीतील प्रश्नोत्तरी पाठांतरासाठी आहे. १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ मात्र मराठी ओवीत आहे. जुनी पुराणे निषिद्ध केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, अशी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाची विचारणा ग्रंथारंभीच येते. सिद्धान्त पाठ होतात. पण रविवारी चार माणसांत गाण्याजोगे काही हवे, ही उणीव त्यातून व्यक्त होते.

या पुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये पुढील आवृत्त्या निघाल्या. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडण्यास फर्मावले. चौथी आवृत्ती १९०७ मध्ये मंगळूरला निघाली, ती दक्षिण कानडा भागात जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे. छपाई थांबली तरी पुराण टिकले, याचे श्रेय ते वाचणाऱ्या-गाणाऱ्या कुटुंबांना द्यावे लागते.

दुसरा टप्पा अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर). तेथील अमेरिकन मिशनच्या परिसरात शाळा, मुलांचे मासिक आणि अनुवादित गीते होती. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्यांच्या जोडीला अभंग, भजन आणि कीर्तन आणले. फुलामुलांचे कवी म्हणून ओळखल्या गेलेल्या टिळकांच्या रचना ‘उपासना संगीता’तून पुढील पिढ्यांच्या तोंडी राहिल्या. त्यांच्याच घरात वाढत्या वयातील त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, काही काळ राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. तरीही त्या घराने एका तरुणाला दिलेला जिव्हाळा मराठी कवितेच्या इतिहासाचा भाग झाला. धर्मसेवेचे मोजमाप केवळ बाप्तिस्म्याच्या नोंदींनी करणाऱ्या इतिहासलेखनाला या घटनेसाठी रकाना सापडत नाही.

दोन्ही टप्प्यांतील प्रयत्नांना सत्तेचा व मिशनचा आधार होता, ही बाब नजरेआड करता येणार नाही. स्टीफन्सचे पुराण तर निषेधाने रिकाम्या झालेल्या जागीच उभे राहिले. तथापि त्या आधाराने त्यांच्या टिकाऊपणाचा उलगडा होत नाही. नव्या पिढीने जे स्वीकारले ते ज्या रूपात तिला स्वतः गाता आले त्या रूपातच. तुलनात्मक अभ्यासाने या ग्रंथांना ‘मिशनरी वाङ्मय’ या वेगळ्या कप्प्यात न ठेवता ओवी-अभंगाच्या इतिहासात वाचले पाहिजे, ते याच कारणाने.