फुटावर मोजलेले गुन्हेपट

१९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये तासाभराचे स्वस्त गुन्हेपट मोठ्या संख्येने निघाले. त्यांच्या मुळाशी प्रेक्षकांच्या आवडीपेक्षा कायदा अधिक होता. १९२६ च्या सुमारास तिथल्या चित्रपटगृहांत लागणाऱ्या चित्रपटांपैकी जेमतेम पाच टक्के ब्रिटिश असत. बाकीचे बहुतेक हॉलिवूडचे. म्हणून १९२७ चा सिनेमॅटोग्राफ फिल्म्स अ‍ॅक्ट आला. सुरुवातीला वितरकांना साडेसात आणि चित्रपटगृहांना पाच टक्के ब्रिटिश चित्रपटांची सक्ती झाली. पुढे ती टप्प्याटप्प्याने वीस टक्क्यांवर गेली. साम्राज्यातले, म्हणजे भारतातलेही, चित्रपट त्यात ‘ब्रिटिश’ धरले जात.

कायदा फिल्मची लांबी मोजत होता, दर्जा नव्हे. अमेरिकी वितरकांनी ही पळवाट हेरली आणि स्थानिक निर्मात्यांना फुटाला साधारण एक पौंड या दराने कामे दिली. सहा हजार फूट, म्हणजे एक तास सात मिनिटांचा चित्रपट, सहा हजार पौंडांत. चित्रीकरण बहुधा दोन आठवड्यांत उरकलेले. अशा चित्रपटांना ‘कोटा क्विकी’ हे नाव पडले. सकाळी चित्रपटगृह झाडणाऱ्या बायकांपुढेच ते दाखवून नियम पाळल्याची नोंद होते, असेही सांगितले जाई.

गुन्हेकथा या हिशेबात चपखल बसे. दिवाणखाना, कचेरी आणि पोलीस ठाणे एवढ्या सेटवर खून, चौकशी, उलगडा सगळे आटपे; बोलपट नवा असल्याने संवादांवरही बरेच भागे. ज्युलियस हेगन यांच्या ट्विकनहॅम स्टुडिओत रात्रपाळीही चाले. तिथेच १९३१ मध्ये आर्थर वॉन्टनर शेरलॉक होम्स झाले. त्याच वर्षी मायकेल पॉवेल यांनी ‘टू क्राउडेड अवर्स’ हा खुनाचा आणि पाठलागाचा चित्रपट दिग्दर्शित केला. पुढे पाच-सहा वर्षांत त्यांनी असे वीसहून अधिक चित्रपट केले. एवढी कडक तालीम दुसऱ्या कुठल्या शाळेत क्वचितच मिळाली असती. वॉर्नरच्या टेडिंग्टन स्टुडिओतल्या ‘मर्डर अ‍ॅट माँटे कार्लो’मधून एरल फ्लिन हॉलिवूडला पोहोचले, तर ‘लेट एक्स्ट्रा’मध्ये (१९३५) जेम्स मेसन पहिल्यांदा पडद्यावर आले. प्रती जपण्याची गरज मात्र कोणाला वाटली नाही. पॉवेल यांचा तो पहिला चित्रपट आणि फ्लिन यांचा हा चित्रपट, दोन्ही आज हरवलेले आहेत.

१९३७ मध्ये हेगन यांचा धंदा बुडाला. १९३८ च्या नव्या कायद्याने चित्रपटाच्या मजुरीवर फुटाला एक पौंड आणि एकूण किमान साडेसात हजार पौंड खर्च बंधनकारक केला. लांबीसोबत खर्चही मोजला जाऊ लागल्यावर जुन्या दराने काम घेणे परवडेनासे झाले.